राजीनामा नामंजूर

आग्रह करावा तर मी. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात माझ्या तोडीचा आग्रह करणारा दुसरा माणूस नव्हता. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, कारण आता दुसरं कुणी सांगत नाही. धंद्याने मी शिंपी. बसस्टँडसमोर दुकान, वर पाटी 'शिवहार टेलर्स'. पण आसपासच्या दहा-वीस खेड्यांत माझं नाव झालं ते शिलाईमुळे नाही. शिलाईबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. नाव झालं ते दर वर्षी रथसप्तमीच्या दिवशी दुपारी चार वाजता मी जे करायचो त्यामुळे.

आमच्याकडे 'आधार सेवा मंडळ' नावाची संस्था आहे. लिंबाजी गुरुजींनी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्याबरोबर, १९९० साली, ती काढली. वर्षातून दोनदा म्हाताऱ्यांना बसमध्ये बसवून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं, ज्यांना कुणी नाही त्यांना निराधारचा पगार मिळावा म्हणून फॉर्म भरून द्यायचे, अपंगांना तीनचाकी मिळवून द्यायची, अशी कामं. गुरुजी अध्यक्ष आणि मी चिटणीस. फॉर्म सगळे मीच भरायचो. दुकानाच्या फरशीवर बसून, एका मांडीवर फॉर्म आणि दुसऱ्या मांडीवर कुणाच्या तरी पोलक्याची बाही. ऑपरेशननंतर डोळ्यांवर बांधायच्या हिरव्या पट्ट्यासुद्धा मीच शिवायचो, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या अस्तरातून. कधी हिरवं अस्तर संपलं तर गुलाबी. गुलाबी पट्ट्या लावलेले सोळा म्हातारे एकदा बसमधून उतरले, तेव्हा गावाला वाटलं वऱ्हाड आलं.

तर रथसप्तमीला मंडळाची वार्षिक सभा असायची. बाजाराच्या शेडमध्ये मंडप, लाऊडस्पीकर, तीनशे-चारशे माणूस. पहिल्याच वर्षी अहवाल वाचून झाल्यावर गुरुजी म्हणाले, माझं वय झालं, गुडघे चालत नाहीत, आता मला मोकळं करा. असं म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. सभा गप्प झाली. मी उठलो, टेबलाजवळ गेलो, ती टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि गुरुजींच्या डोक्यावर परत ठेवली. माइक ओढून म्हणालो, "राजीनामा नामंजूर." काय टाळ्या पडल्या म्हणता. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर साली गुरुजी टोपी ठेवायचे आणि मी ती परत घालायचो. एकदा एखादी गोष्ट लोकांना आवडली की तिच्यात भर घालावी लागते. दुसऱ्या वर्षी मी चार वाक्यं बोललो. चौथ्या वर्षी रडलो. सहाव्या वर्षी म्हणालो की गुरुजी गेले तर मी हिंगोलीच्या फेऱ्या मारणाऱ्या बजरंगच्या जीपपुढे आडवा पडेन. यावर बजरंग मागून ओरडला की माझी जीप कशाला मधे घेता. पण ते कुणी ऐकलं नाही, बायका डोळे पुसत होत्या. पुढे पुढे सेनगावहून माणसं यायला लागली. अहवालाला नाही, चार वाजता. "यंदा टेलर लय रडला," असं घरी जाऊन सांगायची. टोपी घातली की गुरुजी डोळे मिटून बसायचे, किती तरी वेळ. मी समजायचो, गहिवरले. गुरुजींच्या घरच्या, सुमनबाई, पुढच्या रांगेत असायच्या. मी टोपी उचलली रे उचलली की त्या तडक उठून घरी जायच्या. मी समजायचो, त्यांना चिवडा आवडत नाही. सभेनंतर वाटायचा तो चिवडा माझी बायको नर्मदा करायची, आणि तिखटाच्या बाबतीत तिचा हात सैल होता.

अशी अकरा वर्षं गेली. मधे हिंगोली जिल्हा झाला आणि परभणीच्या कचेरीतली मंडळाची फाईल हिंगोलीला आली. ती एवढ्याशा प्रवासात दोन वर्षं वाटेत होती. तिच्यातल्या एका कागदावर सही-शिक्का पाहिजे होता, आणि तो न्यायला या म्हणून कचेरीने जो दिवस दिला तो नेमका बारावी सभा होती तोच. म्हटलं, सकाळी जाऊ, तीनपर्यंत परत येऊ. साहेबांनी दुपारी एक वाजता शिक्का दिला. मी पळत जीपच्या अड्ड्यावर आलो. बजरंगचीच जीप उभी होती, आत चौदा माणसं बसली होती. पंधरावा आल्याशिवाय बजरंग हलत नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. तासभर वाट पाहिली. मी म्हटलं, बाबा, पंधराव्याचे पैसे मी देतो. तो म्हणाला पैशाचा सवाल न्हाई, रिकामी जागा पाहिली की त्याला गाडी चालवताना चुकल्यासारखं होतं. तीन वाजून गेल्यावर एक बाई शेळी घेऊन आली. तिला पंधरावी धरली आणि शेळी माझ्या पायाशी आली.

गाव चार-पाच किलोमीटर राहिलं असताना समोरून हिंगोलीची बस गेली. खिडकीत एक पांढरी टोपी दिसली, शेजारी सुमनबाईंसारखी बाई, आणि तिच्या मांडीवर पिशवी. मी मनात म्हटलं, गुरुजींसारखीच दिसतात माणसं. सभेच्या दिवशी गुरुजी बसमध्ये कसे असतील?

मंडपात पोचलो तर लोक चिवडा खात होते. झालं होतं असं. गुरुजींनी चार वाजता टोपी ठेवली. सभा माझी वाट बघत बसली, कारण ते काम माझं होतं. दुसऱ्याचं काम आपण कशाला करा? पाच मिनिटं गेली. गुरुजींनी विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणी बोलेना. त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "बरं झालं," स्वतःच्या हाताने टोपी घातली, मंडपाच्या मागे ठेवलेली पिशवी उचलली आणि सुमनबाईंना घेऊन साडेचारच्या बसने लेकीकडे औंढ्याला गेले. जाताना अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवून गेले. मी नको म्हणायला हजर नव्हतो, म्हणून एकमताने निवडून आलो.

लोकांपुढे मी डोक्याला हात लावून बसलो. पण खरं सांगतो, आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला खुर्ची नको होती असं मी म्हणणार नाही. अकरा वर्षं मी तिच्यावर दुसऱ्याला बसवलं होतं. आता मला कुणीतरी बसवावं असं वाटणारच की.

आता अध्यक्ष म्हटलं की काही गोष्टी आल्या. मी दुकानात हातांची खुर्ची आणली, तिच्यावर टॉवेल टाकला. लेटरहेड छापलं, शिक्का केला. फरशीवर बसणं बंद केलं, कारण अध्यक्षाने मांडी घालून फॉर्म भरणं बरं दिसत नाही. फॉर्मचं काम नव्या चिटणीसबाई दीपमाला यांच्याकडे दिलं. त्या अंगणवाडीच्या बाई. पोरांची वजनं, खिचडी, सर्वेक्षण यातून वेळ मिळेल तेव्हा बिचाऱ्या लिहायच्या. फॉर्म साचत गेले. आणि गुरुजी जसे 'गुडघे, गुडघे' करायचे तसं मीही सुरू केलं. चहाच्या टपरीवर, मारुतीच्या पारावर, जिथे दोन माणसं भेटतील तिथे म्हणायचो, फार ओझं आहे हो, झेपत नाही, कधी सुटतो असं झालंय. मला वाटायचं, अध्यक्षाला हे बोलावंच लागतं.

गावाबाहेरच्या माळावर अनुसयाबाईंची मेंढरांची वस्ती होती. मेंढरांमागे त्यांची पायपीट एवढी की कुठल्या वाडीत कोणती म्हातारी एकटी आहे, कुणाला दिसत नाही, हे सगळं त्यांना पाठ. मोतीबिंदूच्या शिबिराला निम्मे पेशंट हाताला धरून त्याच आणायच्या. त्या एकदा भर उन्हात दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या आणि विचारलं, ग्यानबा म्हाताऱ्याचा फार्म काहून गेला न्हाई. मी खुर्चीवरून म्हणालो की अध्यक्षाकडे असं थेट यायचं नसतं, चिटणीसबाईंना भेटा. त्या उठल्या, साडीला लागलेली धूळ झटकली आणि गेल्या. हे आठवलं की अजून मला माझीच लाज वाटते.

बघता बघता रथसप्तमी जवळ आली. आता नीट ऐका. आमच्या घटनेत अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची आहे. राजीनामा दे असं मला कुणी म्हटलं नव्हतं. नर्मदेने तर स्पष्ट सांगितलं, "गुमान अहवाल वाचा अन् खाली बसा." पण नुसतं अहवाल वाचून खाली बसलेला अध्यक्ष म्हणजे काय अध्यक्ष? चारशे माणसांनी एकदा तरी म्हणायला पाहिजे की नाही, तुम्हीच पाहिजे. मला तो आग्रह पाहिजे होता. जन्मभर दुसऱ्याला वाढलं, एकदा आपल्या पानात पडावं, एवढंच. हे मी नर्मदेला सांगितलं नाही. तिने तवाच फेकून मारला असता.

प्रश्न होता टोपी कोण उचलणार. उघड सांगून करवून घेतलेला आग्रह कसला? म्हणून मी आडून सुचवायचं ठरवलं. बजरंगला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "मी सभेत राजीनामा देऊन राहिलो. तू समजदार आहेस. काय करायचं ते तुला सांगायची गरज न्हाई." बजरंगने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझा हात दाबला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी फिकीर करू नका. मी समद्यांना बोलून ठेवतो." मी निर्धास्त झालो. मला टोपी घालायची सवय नव्हती, पण डोक्यावर काही नसेल तर ठेवणार काय? म्हणून पांढऱ्या खादीची एक स्वतःच शिवली. जरा सैल झाली, पण ती काढायचीच होती.

सभेला औंढ्याहून गुरुजी आणि सुमनबाई मुद्दाम आले, पुढच्या रांगेत बसले. गुरुजींचा चेहरा भरला होता. औंढ्यात नागनाथाच्या देवळामागे लेकीचं घर, सकाळी दर्शन, दुपारी नातीबरोबर पत्ते, असा त्यांचा दिनक्रम कुणीतरी मला सांगितला. मी अहवाल वाचला. मग आवाज खाली आणला आणि म्हणालो, खांदे थकले, डोळे थकले, आता मला मोकळं करा. टोपी काढली, टेबलावर ठेवली. मान खाली घालून उभा राहिलो.

सभा गप्प झाली. असं होतंच, मला त्याची काळजी नव्हती. मी मनात आकडे मोजायला लागलो. वीसपर्यंत आलो तेव्हा मागे हालचाल झाली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर बजरंग उठला होता. माझा ऊर भरून आला. तो माइकजवळ आला, घसा साफ केला.

"मंडळी," तो म्हणाला, "टेलरभाऊ सालभर लय तकलीफ काढून राहिले. चौकाचौकात बोलले, सुटायचंय म्हणून. मला तर हातात हात घेऊन सांगितलं. अकरा साल गुरुजीला आपण सोडलं न्हाई, तसं ह्यांचं करू नका. कोनी आडवं येऊ नका."

आणि टाळ्या पडल्या. माझ्या कोणत्याही आग्रहाला पडल्या नव्हत्या एवढ्या. लोक मनापासून वाजवत होते, तेच वाईट होतं. माझ्यावर राग असता तर मी भांडलो असतो. पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल माया होती. कुणीतरी शाल आणली, ग्यानबा म्हाताऱ्याने नारळ दिला. म्हणजे तयारी अगोदरच झाली होती. बजरंगने खरंच सगळ्यांना बोलून ठेवलं होतं. मी म्हणालो, तसं नव्हे, सभेची इच्छा असेल तर. पण माइक बजरंगच्या हातात होता, आणि दीपमालाबाईंनी वहीत लिहून खाली रेघसुद्धा ओढली होती. राजीनामा मंजूर.

नवा अध्यक्ष कोण यावर थोडी कुजबुज झाली. मग ग्यानबाच उठला आणि त्याने अनुसयाबाईंचं नाव घेतलं. त्या शेवटच्या रांगेत खाली बसल्या होत्या. नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. पुढे येऊन उभ्या राहिल्या. माइक समोर धरला तर हाताने बाजूला केला, त्याची त्यांना गरज नव्हती, माळावर अर्ध्या कोसावरच्या मेंढराला हाक मारायची सवय.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "मानसं मी आनते. पण फार्म शिवहारभाऊनं भरायचे, पयल्यासारखे. ते भरत असतील तर मी ऱ्हाते. न्हाई तर मला नका घालू याच्यात."

चारशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. हा सुद्धा आग्रहच होता म्हणा. पण मला तेव्हा तो दिसला नाही. शालीत गुंडाळलेला मी नारळ धरून 'बघू' म्हणालो आणि मंडपाबाहेर पडलो.

रागाने माझं डोकं भणभणत होतं. बजरंगवर नाही, तो बैलच आहे. राग होता गुरुजींवर. दुसरं कुणी नाही तर नाही, पण ते पुढच्या रांगेत बसले होते, टेबलापासून चार पावलांवर. एवढ्याशा अंतरावर उठून यायला त्यांचे गुडघे आता चांगले झाले होते. बसस्टँडच्या बाकावर ते सुमनबाईंबरोबर बसची वाट बघत बसलेले दिसले. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि मनात होतं ते सगळं ओकलो. म्हणालो, गुरुजी, अकरा वर्षं तुमची टोपी या हातांनी उचलली. तुमच्यासाठी रडलो, जीपपुढे पडायला निघालो. आणि माझ्या वेळेला तुम्ही जागचे हलला नाहीत. त्या दिवशी मी खरं रडत होतो, पण बघायला गिऱ्हाईक नव्हतं.

गुरुजींनी मला हाताला धरून बाकावर बसवलं. मांडीवरचा नारळ काढून बाजूला ठेवला.

"शिवहार," ते म्हणाले, "तू नशिबाचा हायेस. तुला पयल्याच साली सोडलं. मी अकरा साल वाट पाहिली, कोनी उठू नये म्हनून."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कळल्यावर एकेक गोष्ट समोर यायला लागली, नको नको म्हटलं तरी. टोपी घातल्यावरचे ते मिटलेले डोळे. सुमनबाईंचं उठून जाणं. दर रथसप्तमीला मंडपाच्या मागे एक पिशवी भरून ठेवलेली असायची, ती गुरुजींच्या कागदांची आहे असं मी समजायचो. तिच्यात दोघांचे कपडे असायचे. औंढ्याची लेक दर वर्षी स्वयंपाक करून वाट बघायची, आणि दर वर्षी इकडे मी एक नवीन वाक्य बोलायचो. तिची पोरगी या काळात रांगायची ती शाळेत गेली होती.

त्यात एक वाईट विचार असा आला की मी टोपी उचलायचो ती गुरुजींसाठी उचलायचो का? पहिल्या वर्षी, हो. शपथेवर सांगतो. नंतर टाळ्यांसाठी.

तरी माणसाची खोड जात नाही. मी नाक पुसलं आणि म्हणालो, "गुरुजी, तुमी मला एकदा सांगायचं तरी होतं."

गुरुजी माझ्याकडे वळले. पस्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेला माणूस, पण अशा नजरेने त्यांनी कुठल्या ढ पोराकडेही पाहिलं नसेल.

"सांगितलं न्हाई?" ते म्हणाले. "दर साली सांगितलं, लेका. चारशे मानसांम्होरं, लाऊडस्पीकर लावून."

सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. पण त्या हसत होत्या, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढत होत्या. मग गुरुजीही हसायला लागले. मी म्हणालो, चुकलो, गुरुजी. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच. तेवढ्यात औंढ्याकडे जाणारी त्यांची बस आली. मी त्यांची पिशवी उचलून वर दिली, आणि बस सुटेपर्यंत एकदाही त्यांना 'राहा' म्हणालो नाही.